ग्रासहॉपर, हॉर्नेट, फ्रॉग की हॉटशॉट: जुन्या बग्ग्यांच्या नव्या किटमधून निवड करताना

गेल्या चार वर्षांत माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर तीन रिमोट कंट्रोल बग्ग्या (सुट्या भागांच्या किटमधून जोडायच्या, मातीत पळवायच्या छोट्या गाड्या) जुळवून झाल्या आणि चौथी मी नाशिकच्या इंदिरानगरमधील एका मित्राच्या घरी, त्याच्या शेजारी बसून, जवळजवळ पूर्ण जुळवली. या चारही गाड्या जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीच्या आहेत. चारही मूळच्या १९८० च्या दशकातील असून पुढे कंपनीने त्या पुन्हा बाजारात आणल्या. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणारे माझे काही परिचित आता या छंदाकडे वळत आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘यातली कोणती घ्यावी’ हाच असतो. तोंडी उत्तर देताना निम्मे मुद्दे राहून जातात, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम कालक्रम सांगतो, कारण खोक्यावरील चित्र पाहून अनेकांचा गोंधळ होतो. फ्रॉग मूळची १९८३ ची. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट १९८४ च्या. हॉटशॉट १९८५ ची. त्यांच्या नव्या आवृत्त्या अनुक्रमे २००५, २००५, २००४ आणि २००७ मध्ये आल्या. चारही १/१० प्रमाणातील आहेत. मी आठवी-नववीत असताना देवळाली कॅम्पमधील एका लष्करी अधिकाऱ्याच्या मुलाकडे हॉर्नेट पाहिली होती. मुरमाच्या मैदानावर ती उड्या मारत पळायची आणि आम्ही कुंपणाबाहेरून पाहायचो. त्यामुळे पहिली खरेदी हॉर्नेटचीच झाली. मात्र आठवणीवर विसंबून किट घेणे आणि जुळवणीचा विचार करून किट घेणे यात फार अंतर आहे, हे मला दुसरे किट उघडल्यावर उमगले.

माझे मत असे आहे की, या गाड्यांची निवड त्यांच्या वेगावरून किंवा दिसण्यावरून न करता मागच्या चाकांच्या रचनेवरून करावी. बॅटरी एकदा चार्ज केली की गाडी वीसेक मिनिटे पळते. जुळवणीला मात्र तीन-चार रविवार जातात आणि पुढची कित्येक वर्षे त्याच रचनेची दुरुस्ती आपल्याला करावी लागते. बग्गीचा गिअरबॉक्स चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) कसा जोडला आहे आणि मागची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र हलतात की नाहीत, हे पाहिले म्हणजे किट आपल्याला किती शिकवणार आणि किती दमवणार याचा बराचसा अंदाज येतो.

ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींची चॅसी म्हणजे एबीएस प्लास्टिकची एकसंध पेटी. मोटर, गिअरबॉक्स आणि मागचा आस हा सगळा एकच गठ्ठा असून तो पुढच्या बाजूने चॅसीला बिजागरासारखा अडकवलेला असतो. एक चाक दगडावर चढले की हा सगळा गठ्ठा वर जातो. स्प्रिंगच्या खाली इतके वजन असल्यामुळे गाडी खडबडीत जमिनीवर बेडकासारखी उसळते. (फ्रॉग हे नाव मात्र दुसऱ्याच गाडीला मिळाले आहे.) ग्रासहॉपरचे शॉक (धक्के शोषणारे दांडे) केवळ स्प्रिंगचे आहेत, तर हॉर्नेटला मागे तेलाचे शॉक मिळतात. ग्रासहॉपरसोबत ३८० आकाराची मोटर येते आणि हॉर्नेटसोबत ५४०. हे आकडे मोटरच्या डब्याच्या आकाराचे आहेत: ५४० चा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर, ३८० चा सुमारे २८. ग्रासहॉपरला पुढे ५४० बसवता येते. परंतु माझा सल्ला असा की मुलाच्या हाती गाडी द्यायची असेल तर पहिले वर्ष ३८० च राहू द्यावी.

बॉडीमधील फरक मला मोटरपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ग्रासहॉपरची बॉडी पांढऱ्या, टणक एबीएस प्लास्टिकची असून रंग न देता नुसते स्टिकर लावले तरी ती नीटनेटकी दिसते. हॉर्नेटची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची आहे. ती कात्रीने कापावी लागते, खिडक्यांवर आतून पट्टी चिकटवावी लागते आणि रंगही आतल्या बाजूने द्यावा लागतो. त्यासाठी पॉलिकार्बोनेटचाच स्प्रे लागतो. मी घाईने गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी मिळणारा साधा स्प्रे एका कापून उरलेल्या तुकड्यावर मारून पाहिला; वाळल्यावर तुकडा किंचित वाकवताच रंगाचे पापुद्रे सुटले. योग्य स्प्रेचे डबे दाबाखालील ज्वलनशील वायूचे असल्याने विमानाने येणाऱ्या पार्सलमध्ये ते पाठवत नाहीत. माझे डबे रस्तामार्गे यायला पाच आठवडे लागले आणि तोवर जुलै उजाडला. नाशिकच्या पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून बॉडी दसऱ्यापर्यंत तशीच ठेवावी लागली. हॉर्नेट घेणाऱ्याने रंगाची व्यवस्था किटच्या आधी करावी, हे मी आग्रहाने सांगेन.

ग्रासहॉपर मी माझ्या अकरा वर्षांच्या पुतण्याबरोबर जुळवली. दोन रविवारांत ती पूर्ण झाली. तामियाची सूचना-पुस्तिका हा या किटमधला मोठा आनंद आहे. प्रत्येक पायरीला लागणाऱ्या स्क्रूचे चित्र खऱ्या मापात छापलेले असते; पुतण्या एकेक स्क्रू त्या चित्रावर आडवा ठेवून, डोळा बारीक करून जुळवायचा आणि मगच माझ्या हाती द्यायचा. दुसऱ्या दिवशी तो पुस्तिका न पाहता, केवळ बोटांनी, १० मिलिमीटरचा आणि ८ मिलिमीटरचा स्क्रू ओळखू लागला. टूल रूममध्ये (कारखान्यातील हत्यारे आणि साचे बनवण्याच्या विभागात) नव्या शिकाऊ मुलाला ही सवय लागायला आम्हाला काही महिने द्यावे लागतात.

स्क्रूचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट येथेच नोंदवतो. हे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा चौफुली स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो. पण जोर दिला की टोक वर उचलले जाते आणि खाच गुळगुळीत होते. जपानी मापाचा एक चांगला ड्रायव्हर घेतला तर हा त्रास कायमचा संपतो. याशिवाय, प्लास्टिकमध्ये स्क्रू स्वतःच आटे पाडत आत जातो. त्याला सरळ एका दमात पिळू नये. दोन फेरे आत, अर्धा फेरा मागे, पुन्हा दोन फेरे आत, अशा रीतीने गेल्यास आटे स्वच्छ पडतात आणि पुढे चार वेळा उघडले तरी टिकतात. शेवटी हाताला घट्टपणा जाणवला की तेथेच थांबावे. त्यापुढचा पाव फेरा हमखास आटे मारतो.

फ्रॉगविषयी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण चारही गाड्यांमध्ये माझी पसंती तिला आहे.

या गाडीत मागची दोन्ही चाके स्वतंत्र हलतात. प्रत्येक चाक मागे जाणाऱ्या एका भुजेच्या टोकाला असते, ती भुजा चॅसीवर फिरते आणि गिअरबॉक्स मात्र जागेवर स्थिर राहतो. त्यामुळे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत फिरणारी शक्ती वर-खाली हलणाऱ्या दांड्यांमधून न्यावी लागते. मूळच्या १९८३ च्या गाडीत या दांड्यांची टोके षट्कोनी होती. ती झिजत आणि झिजली की जोराच्या धक्क्याला निसटत. पुनर्निर्मित किटमध्ये तेथे दोन्ही टोकांना आडवी पिन असलेल्या दांड्या दिल्या आहेत. जुन्या रूपाला हात न लावता नेमका दुबळा भाग सुधारणे, हे पुन्हा काढलेल्या वस्तूकडून मला अपेक्षित असते, आणि फ्रॉगने ती अपेक्षा पूर्ण केली.

जुळवणीत खरी रंगत येते ती डिफरन्शियलच्या, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या भागाच्या, पायरीला. शंकूच्या आकाराची छोटी दातेरी चाके एका पोकळीत समोरासमोर बसवायची, ग्रीस लावायचे आणि झाकण लावून दोन्ही बाजूंचे आस बोटांनी फिरवून पाहायचे. एक पुढे फिरवला की दुसरा मागे फिरतो. पुतण्याने ते विसेक वेळा फिरवले आणि मग विचारले, “काका, आपल्या गाडीतपण हेच असतं का?” त्या संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून मारुतीचे पुढचे एक चाक हाताने फिरवून पाहिले. तो किस्सा येथे लांबवत नाही, पण छोट्या प्लास्टिकच्या गाडीतून एका मुलाला खऱ्या गाडीचा प्रश्न पडतो, ही किटच्या गुणवत्तेची माझ्या लेखी मोठी पावती आहे.

मागच्या भुजा बसवल्यावर एक चाचणी अवश्य करावी आणि ती शॉक लावण्याआधी करावी. चॅसी डाव्या हातात धरून उजव्या हाताने भुजा वर उचलावी आणि सोडून द्यावी. ती स्वतःच्या वजनाने, कोठेही न अडखळता खाली पडली पाहिजे. माझ्या फ्रॉगची डावी भुजा अर्ध्यावर थांबत होती. शॉक लावला असता तर स्प्रिंगने ती ढकलली असती आणि दोष झाकला गेला असता. उघडून पाहिले तर साच्यातून भाग तोडताना राहिलेला, तांदळाच्या कणीएवढा उंचवटा बिजागराच्या कडेला घासत होता. बारीक कानशीचे तीन हात फिरवल्यावर भुजा मोकळी झाली. या पाच मिनिटांच्या कामामुळे गाडीचे दोन्ही अंग जमिनीला सारखे बसले.

फ्रॉगची आणखी एक जमेची बाजू म्हणजे तिची चॅसी तामियाच्या सुबारू ब्रॅट, ब्लॅकफूट आणि मॉन्स्टर बीटल या गाड्यांच्या चॅसीच्याच कुळातील आहे आणि त्याही पुन्हा निघालेल्या आहेत. त्यामुळे सुटे भाग मिळण्याची शक्यता वाढते. उणीव सांगायची तर मोटर मागच्या आसाच्याही मागे असल्याने पुढचा भाग हलका राहतो. वेगात असताना वळण घेतले तर पुढची चाके घसरत सरळ जातात. वळणाआधी रिमोटचा घोडा सोडण्याची सवय लागेपर्यंत गाडी दोन-चार वेळा झुडपात जाणार, हे गृहीत धरावे.

हॉटशॉट ही तामियाची पहिली चारही चाकांना शक्ती देणारी शर्यतीची बग्गी. पुढे एक गिअरबॉक्स, मागे एक आणि त्यांना जोडणारा लांब शाफ्ट. अभियांत्रिकी म्हणून ती पाहण्यासारखी आहे यात शंका नाही. तिच्या पुढच्या दोन चाकांना मिळून एकच शॉक आहे आणि मागच्या दोहोंना मिळूनही एकच. ही मांडणी देखणी आहे, परंतु दोन्ही चाके एकाच स्प्रिंगवर टेकल्याने वळताना गाडी एका बाजूला कलते, त्याला तो शॉक स्वतःहून आवर घालू शकत नाही. माझ्या मित्राला हे किट जुळवायला सहा आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात शॉकची ई-रिंग (इंग्रजी ‘ई’च्या आकाराची बारीक लोखंडी कडी) पक्कडीतून उडाली. ती दिवाणाखाली शोधायला आम्ही चुंबक दोरीला बांधून फिरवला आणि अर्ध्या तासाने ती पडद्याच्या घडीत सापडली. खरा त्रास मात्र जुळवून झाल्यावर सुरू होतो. पुढच्या गिअरबॉक्समध्ये खडा गेला असे वाटले तर तिथपर्यंत पोहोचण्यासाठी बरेच काही सुटे करावे लागते. ज्याला गाडी कपाटात काचेमागे ठेवायची आहे आणि जुळवणी हेच सुख मानायचे आहे, त्याने हॉटशॉट जरूर घ्यावी. आपल्या मातीत रोज पळवण्यासाठी मी ती सुचवणार नाही.

मातीचा प्रश्न नाशिकमध्ये खरोखर महत्त्वाचा आहे. मखमलाबादच्या बाजूला नव्याने पाडलेल्या प्लॉटांवर मुरूम पसरलेला असतो आणि तो या गाड्यांना उत्तम. टायरची पकड चांगली राहते आणि धूळ कोरडी असल्याने ब्रशने झटकता येते. काळ्या मातीत मात्र पाऊस होऊन चार दिवस झाले तरी उतरू नये. ती चाकाच्या आतल्या बाजूला थर धरते आणि वाळल्यावर खरवडूनही निघत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर माझ्या मावसभावाच्या द्राक्षबागेत ओळींमधल्या मोकळ्या वाटेवर आम्ही फ्रॉग आणि हॉर्नेट दोन्ही पळवल्या. सरळ वाटेवर हॉर्नेट पुढे होती, पण प्रत्येक ढेकळाला तिची मागची बाजू हवेत जायची. फ्रॉग जमिनीला धरून राहिली आणि परतीच्या फेरीत तिने हॉर्नेटला गाठले. छाटलेल्या काड्या मात्र दोघींच्याही मागच्या आसाभोवती गुंडाळल्या गेल्या. बागेत पळवायचे असेल तर आधी एक ओळ झाडून घ्यावी.

धुळीवरून आणखी एक खर्च आठवला. स्वस्त किटमध्ये अनेक ठिकाणी बॉल बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश (आस ज्यात फिरतो त्या साध्या कड्या) येतात. आपल्याकडची धूळ त्यांना दोन महिन्यांत खाते आणि चाकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. जुळवणीच्या वेळीच सीलबंद बॉल बेअरिंग घालावेत. नंतर तेवढ्यासाठी सारे पुन्हा उघडणे जिवावर येते.

बॅटरीबाबत जुन्या रचनेची एक मर्यादा लक्षात ठेवावी. या चॅसी ७.२ व्होल्टच्या, सहा गोल सेलच्या पॅकसाठी घडवलेल्या आहेत. माझ्या हॉर्नेटमध्ये चौकोनी कडांची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बसली नाही आणि त्यासाठी चॅसी कापायला माझे मन झाले नाही. निकेल मेटल हायड्राइडचा गोल कडांचा पॅक नीट बसतो आणि या मोटरला तो पुरेसा आहे. मूळ काळात वेग बदलण्यासाठी सर्व्होने (रिमोटच्या इशाऱ्यावर दांडी फिरवणाऱ्या छोट्या मोटरने) हलवला जाणारा यांत्रिक स्विच आणि तापणारे रेझिस्टर असत. आता इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर वापरतात. तो काही किटमध्ये असतो, काहींत नसतो. खोक्यावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. रिमोट, सर्व्हो, बॅटरी आणि चार्जर हे तर वेगळेच घ्यावे लागतात, आणि पहिल्या किटच्या वेळी हा बाकीचा खर्च किटच्या किमतीच्या जवळ जातो.

किंमत सांगणे कठीण आहे, कारण ती कोठून आणि कशी मागवली यावर फार बदलते. परदेशातून मागवताना सीमाशुल्काचा हिशेब आधी करावा. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर इतर कर आणि वाहतूक धरली की परदेशी संकेतस्थळावर दिसणारी स्वस्त किंमत घरी येईपर्यंत जवळजवळ दुप्पट होते. चारही गाड्यांत ग्रासहॉपर आणि हॉर्नेट स्वस्त, फ्रॉग त्यांच्या वर आणि हॉटशॉट सर्वांत महाग, हा क्रम मला प्रत्येक वेळी सारखाच आढळला. नाशिकमधील खेळण्यांच्या दुकानांत मी चौकशी केली तेव्हा तयार, डब्यातून काढून पळवायच्या गाड्या मिळाल्या. जुळवायचे किट मिळाले नाही.

माझी फ्रॉग मी देशातल्याच एका विक्रेत्याकडून घेतली आणि तेथे मला मनस्ताप झाला. खोके वरून चिकटपट्टी लावून नीट बंद होते, परंतु आतील एक पिशवी फाटलेली होती आणि तीमधील स्क्रूंपैकी अकरा स्क्रू नव्हते. विक्रेत्याने आधी उत्तरच दिले नाही आणि नंतर ‘किट जुळवायला घेतल्यावर तक्रार स्वीकारत नाही’ असे कळवले. चूक माझीही होती, कारण उत्साहाच्या भरात मी पिशव्या मोजण्याआधी जुळवणीला बसलो होतो. शेवटी रविवार कारंजाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात नमुना दाखवून त्याच मापाचे स्क्रू मिळवले. दुकानदाराने तीन बरण्या काउंटरवर ओतून एकेक स्क्रू माझ्या नमुन्याशेजारी उभा करून पाहिला आणि अकरा स्क्रूंचे पैसे घ्यायला नकार दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमचे खोके आले की प्रथम पुस्तिकेच्या शेवटी दिलेली भागांची यादी काढा, पिशव्या न फोडता मोजा आणि त्यांचे फोटो घ्या.

या चौघींच्या पलीकडे पाहणाऱ्यांसाठी दोन नावे. तामियाची सँड स्कॉर्चर ही १९७९ ची गाडी २०१० मध्ये पुन्हा आली. फोक्सवॅगन बीटलचे रूप आणि धातूचे भरपूर भाग यांमुळे ती हातात घेतल्यावर खेळणे वाटत नाही, पण ती आपटायची गाडी नव्हे. क्योशो कंपनीची ऑप्टिमा मूळची १९८५ ची, पुन्हा आली २०१६ मध्ये. ॲल्युमिनियमची चॅसी आणि पुढच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारी बारीक साखळी अशी तिची रचना आहे. पुण्यातील एका ओळखीच्यांकडे मी ती पाहिली. ती साखळी सायकलसारखी हळू फिरताना पाहून पुढचे किट कोणते घ्यायचे हे माझ्या मनाने तेथेच ठरवले. मात्र पहिल्याच किटसाठी इतका खर्च करावा असे मी कोणाला सांगणार नाही.

तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुलाबरोबर पहिले किट जुळवायचे असेल तर ग्रासहॉपर घ्या: रंगाची कटकट नाही, मोटर सौम्य आहे आणि दोन रविवारांत गाडी अंगणात येते. स्वतःसाठी एकच घ्यायची असेल तर फ्रॉग. हॉर्नेट तिच्या रूपावर जीव असेल तरच घ्यावी. माझा आहे, म्हणून ती माझ्याकडे राहील. आमच्या फ्रॉगचा उजवा शॉक गेल्या आठवड्यात पाझरू लागला. त्याची रबरी ओ-रिंग मागवली आहे, आणि ती आल्यावर शॉक आपणच उघडणार असे पुतण्याने आजीला सांगून ठेवले आहे.